खप घसरलाय? सवलतीची पाटी लावण्याआधी काय तपासायचं?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

"विक्री बसलीय, काय करू?" असं कुणी विचारलं की पहिला सल्ला ठरलेला: सवलत लावा. दुसरा: जाहिरात करा. नाडी न बघता गोळी देण्यातला प्रकार. नेमकं काय घसरलंय ते कसं शोधायचं आणि त्यावरून उपाय कसा ठरवायचा, याची चर्चा या धाग्यात करू.

सगळ्यांना एकाच आकड्यांवर बोलता यावं म्हणून एक कल्पित दुकान घेतो. रंग, ब्रश, किरकोळ हत्यारं विकणारं. मालक आणि एक मदतनीस. एका तिमाहीची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी केली आहे. (मागच्या महिन्याशी तुलना करू नका, हंगामाचा चढउतार मध्ये घुसतो.)

विक्री 100 होती, आता 88.
बिलं 3,600 होती, आता 3,060.
सरासरी बिल 100 धरलं तर आता 103.5.
दरम्यान मालाचे भाव साधारण 6 टक्के वाढले.

यावरून काय दिसतं?

रोजमेळ

पहिली गोष्ट, घसरण 12 टक्क्यांची नाही. बिलं 15 टक्के घटली. बिलाची रक्कम 3.5 टक्के वाढलेली दिसते, पण भाव 6 टक्के चढलेत, म्हणजे दर बिलामागे माल उलट अडीचेक टक्के कमी जातोय. दोन्ही एकत्र धरलं तर नगांचा खप 17 टक्के उतरलाय. गल्ल्यातली रक्कम भाववाढीच्या आडोशाने हे लपवते. म्हणून रक्कम, बिलांची संख्या आणि नग असे तीन आकडे रोज वेगवेगळे लिहा. वहीत तीन रकाने पुरतात.

दुसरी गोष्ट नफ्याची, आणि ती जास्त टोचणारी आहे. मार्जिन (विक्री किंमत वजा खरेदी किंमत) विक्रीच्या 25 टक्के आणि भाडं, पगार, वीज मिळून ठरलेला खर्च 20 धरा. विक्री 100 असताना हातात 5 उरत होते. 88 वर मार्जिन 22, उरले 2. विक्री 12 टक्के पडली, नफा 60 टक्के गेला. ना नफा ना तोट्याची रेघ 20 भागिले 0.25, म्हणजे 80 वर आहे. ही रेघ किती लांब आहे ते आधी काढा, घाई किती करायची ते त्यावरून कळतं.

तागडी

रोजमेळ यांच्या हिशोबात आणखी एक फोड हवी. बिलं घटली म्हणजे गिऱ्हाईक तुटलं असं नसतं. बिलं म्हणजे गिऱ्हाइकांची संख्या गुणिले प्रत्येकाच्या फेऱ्या. बिलावर फोन नंबर घेत असाल तर मोजणं सोपं आहे. समजा गेल्या वर्षी तिमाहीत 900 वेगवेगळी माणसं आली, सरासरी 4 वेळा. आता 880 आली, पण जेमतेम साडेतीन वेळा. माणसं जवळपास तेवढीच आहेत, फेऱ्या कमी झाल्यात.

इथे नव्या गिऱ्हाइकांसाठी जाहिरातीवर पैसे ओतणं म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी भरणं. आलेला माणूस एखादी वस्तू दुसरीकडून घ्यायला लागलाय. कुठली, ते शोधायचं.

याउलट माणसं 900 वरून 765 झाली आणि फेऱ्या 4 च राहिल्या, तरी बिलं 3,060 च भरतात. तिथे मात्र नवीन माणूस दारात कसा येईल हाच प्रश्न. बेरीज तीच, दुखणं वेगळं.

काठावरचा

नंबर घेतलेच नसतील तर? बऱ्याच छोट्या दुकानांत बिलच फाडत नाहीत, मग नंबर कुठला.

तागडी

@काठावरचा, मग 2 आठवडे पेन्सिलीने मोजा. काउंटरवर कागद ठेवायचा, तासागणिक एक ओळ, दोन रकाने: आत आले, घेऊन गेले. कुटुंब किंवा जोडीने आलेल्यांची एकच रेघ, नाहीतर "घेऊन गेले"चं प्रमाण उगाच कमी दिसतं.

60 आत आले आणि 24 घेऊन गेले तर प्रमाण 40 टक्के. नंतर वर्षभर अधूनमधून एक आठवडा मोजत राहा. आत येणारेच घटत असतील तर दुखणं दाराबाहेर आहे: पाटी दिसत नाही, वेळा बदलल्यात, रस्ता खणलाय, नकाशावर चुकीची वेळ आहे. येणारे तेवढेच आणि घेणारे घटले तर दुखणं आत आहे: माल नाही, भाव दिसत नाही, थांबावं लागतं.

तासागणिक का? संध्याकाळी 6 ते 8 मध्ये प्रमाण 25 वर उतरत असेल आणि सकाळी 55 असेल, तर तो भावाचा प्रश्न नाही. भाव सकाळीही तोच असतो. गर्दीत माणूस ताटकळून निघून जातो.

निळीशाई

ताटकळण्याचा हिशोब जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेल्या रांगांच्या नियमावरून होतो. आत असलेली माणसं बरोबर येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचा वेळ. तासाला 30 माणसं येतात आणि दुकानात सतत 6 जण दिसतात, तर प्रत्येकाचे सरासरी 12 मिनिटं जाताहेत. एका ब्रशासाठी 12 मिनिटं कोण थांबेल? उपाय बहुधा साधा असतो: एकच वस्तू घेणाऱ्यांना आधी मोकळं करायचं आणि रंगाची छटा मिसळून देण्याचं काम चिठ्ठी घेऊन बाजूला लावायचं.

पाटीपेन्सिल

आता सवलतीकडे वळू, कारण सगळ्यांचा हात आधी तिकडेच जातो.

रोजमेळ

सवलतीचं गणित कागदावर करा, मनात करू नका. विक्री किंमत 100, खरेदी 75, नफा 25. सवलत दिल्यावर पूर्वीइतकाच नफा मिळवायला किती जास्त नग विकावे लागतील?

5 टक्के सवलत: नगामागे 20 उरतात, 25 टक्के जास्त नग.
10 टक्के: 15 उरतात, 67 टक्के जास्त.
15 टक्के: 10 उरतात, 150 टक्के जास्त. म्हणजे अडीचपट माल.

हेच उलट बाजूने बघा. भाव 5 टक्के वाढवला तर नगामागे 30 मिळतात, आणि सुमारे 17 टक्के खप गेला तरी नफा तेवढाच राहतो. सगळ्या मालावर भाव वाढवा असं म्हणत नाही. ज्या वस्तूचा भाव गिऱ्हाइकाच्या तोंडपाठ असतो तिला हात लावू नका. पण खिळे, पॉलिश पेपर, मास्किंग टेप यांचा भाव फारसा कुणाच्या लक्षात नसतो.

एक घोळ इथेच मिटवतो. खरेदीवर 25 टक्के चढवणं म्हणजे 25 टक्के मार्जिन नव्हे. 100 ला आणून 125 ला विकलं की मार्जिन 25 भागिले 125, म्हणजे 20 टक्के. त्यावर 10 टक्के सवलत दिली की 112.5 मिळाले, नफा 25 वरून साडेबारावर, निम्मा. आता 67 टक्के नव्हे, दुप्पट नग विकावे लागतील. सवलतीत बुडणारी बरीच दुकानं या एका गैरसमजापायी बुडतात, असं माझं ठाम मत आहे.

काठावरचा

पण पडून असलेल्या मालाला तरी सवलत द्यावीच लागेल ना? सरसकट नको म्हणता, तेही पटत नाही.

रोजमेळ

बरोबर, तो वेगळा हिशोब. तिथे खरेदीची किंमत विसरायची, ती गेली. 100 ला आणलेला नग वर्षभर उठाव नसल्याने पडलाय, तो 80 ला काढला. 20 चा तोटा दिसतो. पण ते 80 वर्षातून 6 वेळा फिरणाऱ्या वस्तूत घातले, तर 25 टक्के मार्जिनने एका फेऱ्यात 26-27 सुटतात. एक फेरा म्हणजे 2 महिने. तोटा तेवढ्यात भरून निघाला, पुढचे 5 फेरे वर.

अट एकच: चालणारी वस्तू पैशाअभावी कमी भरली जात असेल तरच हे खरं. ती आधीच भरपूर असेल, तर सुटलेले पैसे तिच्यात घालून खप वाढत नाही.

आणि पडीक माल चालत्या मालाशेजारी सवलतीत मांडू नका. 2 इंची ब्रश पूर्ण भावाने नेणारा माणूस शेजारचा स्वस्त ब्रश उचलेल. तुम्ही स्वतःचंच गिऱ्हाईक खाली आणलंत.

तागडी

ब्रशांचाच विषय निघालाय तर फळीसमोर उभे राहून बघू, कारण निम्मं निदान तिथेच होतं. हुकांवर ब्रश टांगलेत, समजा 14 प्रकार. 1 इंची आणि 2 इंचीचे हूक रिकामे. 4 इंचीचे पुडे गच्च, वरचं प्लास्टिक पिवळं पडलेलं, वरच्या कडेला धूळ. किंमतीची चिठ्ठी दोन जुन्या चिठ्ठ्यांवर डकवलेली. बाहेरून बघणाऱ्याला दुकान भरलेलं वाटतं. घ्यायला आलेल्याला हवं ते नाही. हिशोबाच्या वहीतही साठा "भरपूर" दिसतो, कारण रक्कम 4 इंचीत अडकलीय.

म्हणून साठा रकमेत मोजू नका, किती दिवस पुरेल त्यात मोजा. हातातले नग भागिले रोजचा खप. 2 इंची: शून्य दिवस. 4 इंची: 400 दिवस. हे दोन आकडे शेजारी लिहिले की पुढच्या खरेदीत काय करायचं ते वेगळं सांगावं लागत नाही.

निळीशाई

+1. पण "रोजचा खप" काढताना एक सापळा आहे, नीट वाचा. महिन्यात 60 ब्रश गेले, 30 दिवसांनी भागलं, रोज 2. पण त्यातले 10 दिवस माल नव्हताच. खरा खप 60 भागिले 20, म्हणजे रोज 3. माल नसताना विक्री शून्य दिसते, मागणी शून्य नसते. 2 धरून मागवलं की पुढच्या महिन्यात माल आणखी लवकर संपतो, सरासरी आणखी खाली येते, आणखी कमी मागवलं जातं. फेऱ्या कमी होण्याचं कारण बरेचदा हे असतं, आणि बाहेरून ते "मागणी घटली" असंच दिसतं.

फेरमागणी कधी करायची? रोज 3 नग, माल यायला सरासरी 8 दिवस, म्हणजे 24. पण पुरवठादार कधी 10 दिवस लावतो आणि कामाच्या दिवसांत रोज 4 जातात: 40. तर 40 उरले की मागवा. मधले 16 म्हणजे राखीव. हा 40 चा आकडा ब्रशाच्या हुकावरच चिठ्ठी लावून लिहा, म्हणजे मदतनीसालाही कळतं.

एका वेळी किती मागवावं याचं सूत्र फोर्ड हॅरिस यांनी 1913 मध्येच दिलंय. वर्षाचा खप गुणिले एका ऑर्डरीचा खर्च गुणिले 2, भागिले एक नग वर्षभर ठेवण्याचा खर्च, आणि त्याचं वर्गमूळ. छोट्या दुकानात मात्र घाऊक खोक्यात किती नग येतात यावरच गाडी अडते. सूत्राने 158 सांगितले आणि खोकं 144 चं असेल तर 144 घ्या, काही बिघडत नाही.

काठावरचा

मग सरळ 80-20 लावा, म्हणजे 80 टक्के विक्री 20 टक्के मालातून येते तो नियम. जो माल विक्रीत तळाला आहे तो बंद करून टाका, जागा आणि पैसा दोन्ही मोकळे.

तागडी

थांबा, इथेच हात भाजतात. या नियमामागचे अर्थशास्त्रज्ञ पॅरेटो यांनी बघितलं होतं ते इटलीतल्या जमीनमालकीचं वाटप. गुणवत्तातज्ज्ञ जोसेफ जुरान यांनी ते नंतर उत्पादनातल्या दोषांना लावलं. तुमच्या फळीवर 80-20 च भरेल असं नाही, 70-30 ही निघेल.

मोठी अडचण वेगळी आहे. पॉलिश पेपर रकमेत तळाला असतो, पण रंगाच्या दर दुसऱ्या बिलात असतो. तो काढलात तर रंगाचं गिऱ्हाईकही पेपर मिळेल तिकडे जाईल. म्हणून प्रत्येक वस्तूपुढे दोन आकडे लिहा: नफा किती, आणि किती बिलांत आली. दोन्हींत तळाला असेल तीच काढा. नफा कमी पण बिलांत वारंवार येणारी वस्तू कधीही संपू देऊ नका.

आणि "नाही-वही" ठेवा. गिऱ्हाइकाने मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं, ते त्याच क्षणी लिहायचं: वस्तू, माप, तारीख. संध्याकाळी आठवून लिहिलेलं निरुपयोगी, मोठीच मागणी तेवढी आठवते. आठवड्याला 3 वेगळ्या माणसांनी मागितलेली वस्तू ठेवून बघा. एकाच माणसाने 3 वेळा मागितलेली त्याच्यापुरती मागवा.

पाटीपेन्सिल

तुटलेल्या गिऱ्हाइकांना परत कसं बोलवायचं, त्यावर लिहा कुणीतरी.

निळीशाई

आधी "तुटलेलं" कोण ते ठरवा. सगळ्यांना एकच मुदत लावू नका. दर 10 दिवसांनी येणारा रंगारी 25 दिवस फिरकला नाही तर तो गेला समजा. वर्षातून दोनदा येणारा घरमालक 4 महिने न येणं नेहमीचंच. प्रत्येकाचं नेहमीचं अंतर काढा, त्याच्या दुप्पट उलटलं की नाव यादीत. यादी रकमेप्रमाणे लावा, वरच्या 50 जणांपासून सुरुवात. रोज 10 च्या वर फोन करू नका, आवाजातला जीव जातो.

"बरेच दिवस आला नाहीत?" असं विचारू नका, समोरचा ओशाळतो आणि काहीतरी सांगून फोन ठेवतो. ठोस बोला: "मागच्या वेळी तुम्हाला 2 इंची ब्रश मिळाला नव्हता, आता आलाय. बाजूला ठेवू का?" मग ऐका. उत्तराला एक आकडा द्या: 1 माल नव्हता, 2 भाव, 3 गरज संपली, 4 वागणूक किंवा वेळ, 5 गाव सोडलं. 3 आणि 5 वाले परत येत नाहीत, सोडून द्या. 50 फोनांत 20 वेळा "1" आलं तर तुमचा प्रश्न साठ्याचा आहे, आणि सवलतीची पाटी छापायचा खर्च वाचला.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टवर विसंबून राहणाऱ्यांसाठी: एका यादीत 256 नंबर बसतात, पण ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर साठवलेला नाही त्याला तो संदेश पोचतच नाही. "सगळ्यांना पाठवलं, कुणी आलं नाही" यामागे बरेचदा एवढंच असतं. दुकानातच गिऱ्हाइकाला नंबर साठवायला सांगा.

काठावरचा

समजा हे सगळं केलं. पुढच्या महिन्यात विक्री 10 टक्के वाढली, मग उपाय लागू पडला म्हणायचं ना?

रोजमेळ

इतक्यात नको. बिलं आपोआपही हलतात, साधारण संख्येच्या वर्गमुळाएवढी. 4 आठवड्यांत 400 बिलं होत असतील तर 20 इकडेतिकडे ही काहीच न करता होणारी हालचाल. दोन महिन्यांची तुलना करताना दोन्हीकडची हालचाल मिळते, फरकात 28 चा झोल. 400 ची 440 झाली तर तो नशिबाचाही भाग असू शकतो. 460 च्या पुढे गेली तर बोला.

शिवाय माणूस उपाय करतो तो सगळ्यात वाईट महिन्यानंतर. अगदी वाईट महिन्यानंतरचा महिना काही न करताही बहुधा बरा असतो. संख्याशास्त्रज्ञ गाल्टन यांनी 1886 मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीत हे दाखवलं होतं, गल्लाही त्याला अपवाद नाही. म्हणून एका वेळी एकच बदल, निदान 4 पूर्ण आठवडे. महिना 1 ते 30 मोजू नका, कधी त्यात 5 रविवार येतात आणि हिशोब वाकतो. जमलं तर एक गट न बदलता ठेवा: ब्रशांत बदल, हत्यारांत नाही. दोन्ही सारखेच वाढले तर श्रेय तुमच्या बदलाचं नाही.

निळीशाई

उधारीबद्दल कुणी लिहिलं नाही. विक्री वाढवायला उधारी सैल केली की आकडा लगेच वर जातो, रोकड मात्र खाली. माल 60 दिवस पडतो, उधारी 30 दिवसांनी येते, पुरवठादाराला 30 दिवसांनी द्यायचे, म्हणजे तुमचे पैसे 60 दिवस अडकलेत. उधारी 45 दिवसांवर गेली की 75. वर विक्री 20 टक्के वाढली तर तेवढंच जास्त भांडवल हवं, ते कुठून आणणार ते आधी ठरवा. विक्री चढती असताना बंद पडणारी दुकानं इथे अडकतात.

पाटीपेन्सिल

कल्पित दुकानाकडे परत येतो. फेऱ्या घटल्या, माणसं टिकून, बिलामागे नग किंचित कमी. तुमच्या मते पहिलं काम काय?

तागडी

पहिला आठवडा काहीही बदलू नका. पेन्सिलीचा कागद, नाही-वही, आणि वरच्या 40 वस्तूंचे "किती दिवस पुरेल" आकडे. दुसऱ्या आठवड्यात त्या 40 मधल्या शून्यावर आलेल्या वस्तू भरा. पैसा कमी पडला तर 4 इंची ब्रशांसारखा पडीक माल दुकानाच्या दुसऱ्या टोकाला काढायला लावा. तिसऱ्यापासून फोन. सरसकट सवलत नाही, नवी पाटी नाही.

बिलामागच्या नगांसाठी एकच सवय: कामाला लागणारी एक वस्तू विचारायची. ऑइल पेंट नेणाऱ्याला "टर्पेंटाइन आहे का घरी?" एवढंच. तीन वस्तू सुचवल्या की गिऱ्हाईक सगळ्यांनाच नाही म्हणतं.

काठावरचा

आणि एवढं करून 3 महिन्यांत काही हललं नाही तर? मागणीच आटली असेल तर?

रोजमेळ

@काठावरचा, ते पुरवठादाराला विचारून कळतं. त्याचा तोच माल बाकीच्या दुकानांत किती जातो, गेल्या वर्षीपेक्षा कमी की तेवढाच. त्याचाही 15 टक्के घटला असेल तर तुमचा वाटा टिकून आहे, बाजारच आकसलाय. मग ठरलेला खर्च उतरवायचा आणि दुसरा मालगट बघायचा. त्याचा घटला नसेल तर गिऱ्हाईक दुसऱ्या दारात उभं आहे. एकाच पुरवठादाराला विचारू नका, दोघांना विचारा. आणि विचारताना तुमचा आकडा आधी सांगू नका, नाहीतर तोही "हो, सगळीकडे तसंच आहे" म्हणून मोकळा होतो.